वह्यांचा गठ्ठा शाळेतच ठेवून घरी कसं जायचं

शाळा दीडला सुटते, मग मास्तरांना काय कमी आहे, असं गोव्यात कोणीही सहज बोलून जातं. बसस्टॉपवर, लग्नात, कधी घरच्याच ओट्यावर. दीडला सुटते ती शाळा. दोन तुकड्यांच्या ८० वह्या, टाचण म्हणजे पुढच्या तासांची लेखी तयारी, ऑनलाइन भरायची माहिती, पालकांचे मेसेज आणि रात्री साडेनऊला ग्रुपवर पडलेलं परिपत्रक दीडनंतरच सुरू होतं. वर्गात शिकवून सहसा कोणी कोलमडत नाही. माणसाला पोखरतं ते कधी सुरू झालं आणि कधी संपलं याचा पत्ता न लागणारं काम. तेव्हा आधी ते मोजायचं आणि मग त्याला कुंपण घालायचं. खालची बेरीज माध्यमिक शाळेतल्या, दोन तुकड्यांना भाषा किंवा विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला धरून केली आहे. आकडे आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे बदला.

एक आठवडा नुसतं मोजा

वेळापत्रकाच्या कागदाची मागची कोरी बाजू घ्या आणि पाच रकाने आखा: शिकवणं, तपासणी, तयारी, कागद, माणसं. ‘तयारी’त टाचण आणि प्रश्नपत्रिका, ‘कागद’मध्ये पट, अहवाल आणि ऑनलाइन माहिती, ‘माणसं’मध्ये पालक, बैठका आणि मेसेज. १५ मिनिटांना एक रेघ ओढा. कागद दिवसातून तीनदा भरायचा: मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना आणि झोपण्याआधी. रात्री एकदम भरायला बसलात तर तपासणी फुगते आणि मेसेज साफ विसरतात. टीव्हीसमोर बसून तपासलेल्या वह्याही लिहा, पण रेघेवर गोल करा. त्या तासात कामही अर्धं होतं आणि विश्रांतीही अर्धी, म्हणून या गोल केलेल्या रेघा सगळ्यात आधी उडवायच्या आहेत. मोजणीसाठी साधा आठवडा निवडा. परीक्षेचा किंवा स्नेहसंमेलनाचा आठवडा घेतला तर आकडा बघूनच हात गळतील आणि कागद कपाटात जाईल.

आता हा आकडा कशाशी ताडून बघायचा? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास सांगितले आहेत, आणि तयारीचे तास त्यातच धरलेले आहेत. तो कायदा पहिली ते आठवीपुरता आहे, पण नववी-दहावीच्या शिक्षकानेही हीच रेषा वापरायला हरकत नाही. शाळा आठ ते दीड, पाच दिवस, म्हणजे साडेसत्तावीस तास. शनिवारी अर्धा दिवस असेल तर आणखी साडेतीन. झाले ३१. म्हणजे शाळेबाहेर राहतात १४. तुमची बेरीज ५० वर गेली तर दोष तुमच्या चिकाटीत शोधू नका. कामाची मांडणी चुकली आहे किंवा तुमच्या गळ्यात जास्तीचं काम पडलं आहे, आणि कोणता रकाना फुगला आहे ते त्याच कागदावर दिसतं. बहुतेकांचा तपासणीचा फुगतो. ज्यांचा ‘माणसं’ फुगतो त्यांचा आजार फोनमध्ये आहे.

वर्षाचा नकाशा: गर्दी कुठे होणार ते आधीच ठाऊक असतं

गोव्यातलं शाळेचं वर्ष आता जूनपासून धरून चालत नाही. २०२५ मध्ये सहावीपासून पुढचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच भरले. म्हणजे मार्चचे पेपर तपासून हात मोकळे होतात न होतात तोच नवा वर्ग समोर. म्हणून एप्रिलच्या दिवसांकडून मोठ्या अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसांत मुलांची माहिती गोळा करणं, वर्गाचे नियम बसवणं आणि मागच्या इयत्तेची उजळणी एवढंच उरकावं. उन्हात नवा धडा रेटलात तर जूनमध्ये तो पुन्हा शिकवावाच लागतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने चार जागा खुणावा. पहिली चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे दहा दिवस. घटक चाचणीचे पेपर हातात असतात आणि घरात माटोळी (गणपतीच्या वर बांधायचं फळापानांचं छत), नेवऱ्या, साफसफाई. बाईंच्या वाट्याला हे ओझं किती येतं ते वेगळं सांगायला नको. मुख्याध्यापकांशी जूनमध्येच बोलून चाचणी एक आठवडा अलीकडे घ्या, नाहीतर गुण सुट्टीनंतर द्यायचे हे आधीच ठरवून घ्या. ‘सुट्टीत निवांत तपासू’ म्हणून गठ्ठा घरी नेला तर तो मखराच्या मागे पडून राहतो आणि सुट्टीभर मनात कुजतो. दुसरी जागा सहामाही परीक्षा ते दिवाळी. तिसरी नोव्हेंबर-डिसेंबर: क्रीडामहोत्सव, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन. अभ्यासक्रमाचा वेग इथे हमखास मंदावतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच एक धडा पुढे असा. चौथी फेब्रुवारी-मार्च.

या वर्षांत त्या चौथ्या जागेकडे जास्त लक्ष हवं. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलेली आहे, आणि गोवा विधानसभेची मागची निवडणूक १४ फेब्रुवारी २०२२ ला झाली, म्हणजे पाच वर्षांचा हिशेबही त्याच सुमाराला येतो. त्यात बोर्डाची परीक्षा. दहावीला शिकवणाऱ्यांनी अभ्यासक्रम जानेवारीच्या मध्यापर्यंत संपेल असं नियोजन आत्ताच करून ठेवावं. जनगणना आणि निवडणूक ही कामं नाकारता येत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायची मनाई आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्यातून सूट आहे. मात्र निवडणुकीचं काम सर्वसाधारणपणे सुट्टीच्या किंवा न शिकवण्याच्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे. आदेश हातात पडला की तारखा बघा, तुमच्या तासिका आणि परीक्षेचं काम त्या दिवशी आहे का ते लिहून मुख्याध्यापकांमार्फत कळवा, पोच घ्या. तोंडी कुरकुरीची नोंद कुठेच होत नाही.

तपासणी: खरी बचत इथेच

८० वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे चार तास. २० गुणांची चाचणी, पेपरला सहा मिनिटं: आठ तास. ८० गुणांचा सत्राचा पेपर, १५ मिनिटं: २० तास. या गणिताकडे डोळेझाक करून ‘बसलो की होतं’ म्हणणारा माणूस रात्री बाराला बसलेला सापडतो.

वह्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक वहीतलं प्रत्येक पान तपासणं हा जुना रिवाज आहे आणि त्यातला बराच भाग वरून बघायला येणाऱ्या साहेबांसाठी चालतो. मुलाला त्याचा उपयोग थोडा. लिखाणाचे तीन भाग पाडा. गृहपाठ आणि वर्गातली उत्तरं मुलांनी फळ्यावरच्या उत्तराशी ताडून हिरव्या पेनाने स्वतः तपासायची. तुम्ही रांगांमधून फिरत फक्त तारीख आणि सही करायची, ४० मुलांना सात-आठ मिनिटं पुरतात. धड्याखालची स्वाध्यायाची उत्तरं आळीपाळीने बघायची: या आठवड्यात हजेरी क्रमांक १ ते १०, पुढच्या आठवड्यात ११ ते २०. महिन्यात प्रत्येक वहीला एकदा तुमची नीट नजर लागते. निबंध, पत्र, प्रयोगाचं वर्णन असं स्वतंत्र लेखन तेवढं पूर्ण तपासायचं, तेही महिन्याला दोनच. हा बेत मुख्याध्यापकांना आणि पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) पहिल्या बैठकीत पालकांना आधी सांगून ठेवा. न सांगता सुरू केलंत तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी वही घेऊन दारात उभं राहतं: ‘टीचर, ह्याच्या वहीत सहीच नाही.’

निबंध तपासताना वेळ कुठे जातो ते जवळून बघा. विषय, पावसातला एक दिवस. पहिल्याच वहीत ‘आमी शाळेतून भिजत गेल्ले’, ‘माझ्या छत्रीक भोक’, ‘आई म्हणाली, भिजू नाका’. पुढच्या वहीत पुन्हा तेच, तिसरीतही. पेडण्यापासून काणकोणापर्यंत मुलं घरी कोकणी बोलतात, लिहितात मराठी, आणि हीच चार-पाच रूपं ४० पैकी २५ वह्यांत सापडणार. ती २५ वेळा खोडून वर बरोबर रूप लिहिणं म्हणजे शुद्ध हमाली. मूल ते वाचतही नाही, आधी गुण बघतं. त्यापेक्षा असं करा:

पहिल्या फेरीत दहा वह्या हातात पेन न घेता वाचा. बाजूला एक कागद ठेवा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या चुका टिपा. साताहून जास्त निघत नाहीत. दुसऱ्या फेरीत सगळ्या वह्या तपासा, पण पूर्ण दुरुस्ती फक्त पहिल्या परिच्छेदाची. पुढे समासात खुणा: ‘शु’ म्हणजे शुद्धलेखन, ‘वा’ म्हणजे वाक्यरचना, ‘मु’ म्हणजे मुद्दा सुटला, प्रश्नचिन्ह म्हणजे अर्थ लागत नाही. चूक कोणती ते मुलाने शोधायचं. शेवटी एकच शेरा, आणि तो पुढच्या वेळी काय करायचं ते सांगणारा: ‘पाऊस कुठे गाठला ते आधी सांग’. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ असल्या शेऱ्यांना शाई फुकट. मग वह्या परत देण्याच्या तासाला पहिली दहा मिनिटं त्या सात चुका फळ्यावर घ्या. डावीकडे ‘गेल्ले’, उजवीकडे ‘गेलो’. डावीकडचं घरात बरोबरच आहे, मराठीच्या वहीत उजवीकडचं, एवढं सांगितलं की मुलं ओशाळत नाहीत आणि फरकही लक्षात राहतो. त्यानंतर दहा मिनिटं खुणांवरून दुरुस्ती मुलांनी करायची. वहीमागे पाच-सहा मिनिटं जात होती ती अडीचवर येतात. दोन तुकड्यांना मिळून चारेक तासांची बचत.

पेपरांची रीत वेगळी. एक पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासायचा नाही. पहिला प्रश्न सगळ्या ४० पेपरांत, मग दुसरा. उत्तरसूची डोक्यात बसते, हात चालतो आणि मोजमाप सारखं राहतं. नाव दिसू नये म्हणून पहिलं पान उलटं दुमडून ठेवा. हुशार मुलाच्या अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण देण्याची सवय सगळ्यांनाच असते. दीर्घोत्तरी प्रश्नाला आधी पाच पेपर नुसते वाचून दर्जा ठरवा, मगच गुण द्या. नाहीतर पहिल्या दहांना कडक आणि शेवटच्या दहांना ढिलं माप लागतं. दर प्रश्नाला गठ्ठा पिसा, म्हणजे थकव्याचा फटका दर वेळी त्याच मुलांना बसत नाही. २० पेपर झाले की उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, पाणी प्यायचं. बेरीज त्याच बैठकीत कधीही करू नका. गुणांच्या बहुतेक तक्रारी चुकीच्या बेरजेच्या किंवा मागच्या पानावरचं उत्तर राहून गेल्याच्या असतात. बेरीज दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी, शक्यतो शेजारच्या शिक्षकाशी गठ्ठे बदलून करा.

दीडनंतरचा पाऊण तास

तपासायला बसायचं कुठे? जेवणानंतर नाही. शीत-कढी पोटात गेल्यावर गोव्यातल्या दुपारी लाल पेन चालत नाही, डुलकी येते, आणि त्या डुलकीबद्दल स्वतःला बोल लावणं ही निव्वळ उधळपट्टी. झोपा. काम त्याच्या आधी उरकून घ्या: घंटा झाल्यावर दीड ते सव्वादोन, शाळेतच, स्टाफरूममध्ये किंवा रिकाम्या वर्गात. डब्यात एक केळं किंवा पाव-भाजी जास्तीची ठेवा. पाच दिवसांचे पावणेचार तास होतात. कदंबची बस किंवा फेरी त्या वेळेत बसत नसेल तर सकाळी लवकर येऊन अर्धा तास काढा. बसमध्ये मात्र वह्या काढू नका. एक पान उडालं की महिनाभर पालकांना उत्तरं देत बसाल. याशिवाय आठवड्यातून दोन दिवस चार ते साडेपाच, घरी, टेबलावर. वार ठरलेले, म्हणजे घरच्यांनाही कळतं. बाकीच्या तीन संध्याकाळी पिशवी उघडायचीच नाही.

बेरीज करू. शाळेचे ३१, पाऊण तासाचे पावणेचार, दोन संध्याकाळचे तीन: पावणेअडतीस. शाळेच्या वेळेतल्या मोकळ्या तासिका आठ मिळत असतील तर त्यातल्या तीन प्रॉक्सीत, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यात, जातात असं धरा. राहिलेल्या पाच, म्हणजे जवळजवळ तीन तास, कागद आणि टाचणाला. साध्या आठवड्याचं काम यात बसतं आणि ४५ पर्यंत सातेक तास हातात राहतात. ते साध्या आठवड्यात वापरून टाकायचे नाहीत. ते परीक्षेच्या गठ्ठ्यासाठी आहेत: २० तासांचे पेपर दहा दिवसांत, रोज दोन तास. त्या दिवसांत वह्या बंद असतात म्हणूनच ते जमतं. परीक्षाही आणि वह्याही एकत्र चालू ठेवल्या की घडी विस्कटते.

टाचण, पट आणि ‘आजच पाठवा’ची माहिती

टाचणावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. शुक्रवारच्या एका मोकळ्या तासिकेत पुढच्या आठवड्याचं लिहा, प्रत्येक तासाला पाच ओळी: काय येणं अपेक्षित, सुरुवातीचा प्रश्न, मुख्य कृती, साहित्य, शेवटी तपासायचा एक प्रश्न. खरा फायदा सहाव्या ओळीचा आहे. तास झाल्याबरोबर पेन्सिलने तिथे काय अडलं ते लिहायचं: ‘समास ऐवजी संधी समजले, उदाहरणं उलट क्रमाने घ्यावीत.’ पुढच्या वर्षी ही वही समोर असली की तयारी निम्म्यावर येते. दरवर्षी नवं, सजवलेलं, रंगीत टाचण लिहिणं बंद करा. कोणी त्याबद्दल विचारलंच तर सहावी ओळ दाखवा.

माहितीच्या कामात वेळ खातं ते पुन्हा पुन्हा गोळा करणं. यूडायससाठी (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीसाठी) एकदा, आधारच्या ताळ्यासाठी एकदा, शिष्यवृत्तीला एकदा, बोर्डाच्या अर्जाला एकदा. वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात एका कागदावर सगळं भरून घ्या: जन्मदाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, आई-वडिलांची नावं, जन्मतारीख, पत्ता, दोन फोन नंबर, रक्तगट, बँक खातं, जात-प्रवर्ग आणि त्याचा दाखला आहे का. ते संगणकावर एका तक्त्यात चढवा, ४० ओळी. यानंतर कुठलंही परिपत्रक आलं तरी मुलांना उभं करून विचारायचं नाही, तक्त्यातून उचलायचं. नावांचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. आपल्याकडे एकाच नाईकचं इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं, शेवटी क्यू-यू-ई, आणि आधारवर साधं ‘के’चं असतं. ही तफावत वर्षाच्या सुरुवातीला पालकांच्या नजरेस आणली तर दुरुस्तीला वेळ मिळतो. यूडायसची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर, आणि चवथ अनेकदा त्याच महिन्यात. आधारचे फोटो मात्र वर्गाच्या ग्रुपवर मागवू नका. ती मुलांची खासगी माहिती आहे, एकदा फिरली की परत येत नाही.

तालुक्यातल्या लहान सरकारी प्राथमिक शाळांत, जिथे एक-दोन शिक्षकांवर पहिली ते चौथी आहे, कागद आणि मध्यान्ह आहार याच दोन गोष्टी तासिका खातात. तिथे चार इयत्तांना चार टाचणं लिहू नका. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी असे दोन गट, एका गटाला २० मिनिटं शिकवताना दुसऱ्याला पाटीवरचं किंवा कार्डांचं काम. बचतगटाचा आहार आला की एका शिक्षकाने चव घेऊन नोंद करायची असते. ती वही आहाराच्या जागीच दोरीने बांधून ठेवा. शोधण्यात रोज पाच मिनिटं जातात आणि मुलांची ताटं थांबतात.

प्रॉक्सी आणि गळ्यात पडलेली कामं

प्रॉक्सीचा तास तपासणीसाठी वापरायचा मोह होतो. दुसऱ्याच्या वर्गात मान खाली घालून बसलात की पाच मिनिटांत बाजार भरतो, आणि आवरताना जी शक्ती जाते ती दोन तास शिकवल्याएवढी. कपाटात एक प्रॉक्सी पाकीट ठेवा: प्रत्येक इयत्तेला दोन उतारे खाली पाच प्रश्नांसह, एक शब्दकोडं, गोव्याचा कोरा नकाशा ज्यात बारा तालुके आणि नद्या भरायच्या. पहिली पाच मिनिटं उभं राहून काम लावून द्या, मगच बसा. पाकीट स्टाफमध्ये मिळून केलं तर सगळ्यांचं भागतं. लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासिकेप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, तरुण शिक्षकांवर प्रॉक्सी ढकलण्याची सवय काही ठिकाणी दिसते. प्रॉक्सीची वही स्टाफरूममध्ये उघडी ठेवली, कोणी किती घेतल्या ते दिसलं, की ती आपोआप कमी होते.

जास्तीचं काम नाकारताना ‘मला जमणार नाही’ म्हटलं की बोलणं जमण्या-न जमण्यावर जातं. मोजणीचा कागद बरोबर न्या आणि निवड वरच्यांवर सोपवा: ‘मॅडम, विज्ञान प्रदर्शनाचं बघते. सध्या माझ्याकडे हस्तलिखित आणि स्काउट-गाईड आहे, आठवड्याला चार तास जातात. यातलं एक कोणाकडे द्यायचं ते तुम्ही ठरवा.’ हे बोलणं जूनमध्ये, कामं वाटली जाण्याआधी करा. नोव्हेंबरमध्ये त्याला रडगाणं म्हणतात.

फोन

वर्गाचा पालक-ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा, म्हणजे लिहिणार फक्त शिक्षक. वैयक्तिक प्रश्नांना दुपारी चार ते पाच ही वेळ, ग्रुपच्या माहितीतच लिहिलेली. रात्री पावणेदहाला ‘सर उद्या कुठली वही?’ आलं तर उत्तर दुसऱ्या दिवशीच द्या, तेही नम्रपणे: ‘नमस्कार. मेसेज सकाळी बघितला. वह्यांची यादी सोमवारी ग्रुपवर टाकली आहे.’ एकदा रात्री उत्तर दिलंत की तीच तुमची वेळ ठरते. मारामारी, आजार, मूल घरी पोहोचलं नाही, यासाठी फोन करावा, हे मात्र पालकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

स्टाफच्या ग्रुपवरचा आवाज सातनंतर बंद करा. पावसाळ्यात साडेआठला एकदा बघा, कारण अतिवृष्टीची सुट्टी बहुतेक वेळा रात्रीच जाहीर होते. त्यात आलेलं दुसरं काही त्या वेळी उघडू नका. परिपत्रकाची मुदत सकाळी अकराची असली तरी ते सकाळी आठला वाचून चालतं.

घसा

याकडे कोणी कामाचा भाग म्हणून बघत नाही, आणि सुट्ट्या मात्र त्यामुळेच खर्च होतात. पत्र्याच्या छपरावर आषाढातला पाऊस कोसळत असताना आवाज चढवून शिकवू नका, त्या आवाजावर मात करता येत नाही. दहा मिनिटं लेखी काम द्या, सर ओसरते. दर तासिकेला चार-पाच घोट पाणी, थंडगार नको. शांत करायला ओरडण्याऐवजी ठरलेली खूण: टाळीचा ताल किंवा वर केलेला हात. घसा बसला की कुजबुजून शिकवतात, पण त्याने घशाला विश्रांती मिळत नाही, ताणच पडतो. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

साधा थकवा की त्याच्या पुढचं

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने होणारी अवस्था म्हणून. त्याची तीन अंगं: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. साधा थकवा रविवारी झोप काढली की उतरतो. हा उतरत नाही. शिक्षकाच्या बाबतीत दुसरं अंग आधी दिसतं असं आमचं मत आहे: नेहमी नावाने हाक मारणारा माणूस ‘ही पोरं’ म्हणू लागतो, चांगल्या उत्तरालाही मान वर करत नाही, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो.

अशा वेळी दोन आठवड्यांसाठी स्वतंत्र लेखनाची तपासणी थांबवा, एक जास्तीचं काम रीतसर परत करा, आणि रोज एक तासिका तुम्हाला स्वतःला आवडणारी ठेवा, मग ती कवितेची असो की प्रयोगाची. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा मोजा.

कामाबाहेरही कशात रस वाटेनासा झाला, झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, किंवा जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. बांबोळीला गोमेकॉजवळच्या (गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या) मानसोपचार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. लोक बघतील म्हणून बांबोळी टाळणारे पुष्कळ. त्यांनी आधी ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. जाताना मोजणीचा कागद आणि गेल्या दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा लिहून न्या, ‘बरं वाटत नाही’पेक्षा त्याचा डॉक्टरांना जास्त उपयोग होतो. उपचारांची माहिती गुप्त राखली जाणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाचा हक्क आहे, त्यामुळे स्टाफरूममध्ये कोणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

रजा घ्यावी लागली तर टाचणवहीत चिठ्ठी ठेवा: कोणता धडा कुठपर्यंत झाला, कोणत्या वह्या कुठल्या कपाटात आहेत, पाकिटातलं काय वापरायचं, आणि वर्गात कोणत्या दोन मुलांकडे जरा लक्ष हवं. कपाटाची किल्ली ऑफिसमध्ये द्या. वह्या घरी नेऊ नका.